‘द सोप्रानोज’चा शेवट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा परिसरातील आम्ही काही नाटकवेडी मंडळी रविवारी एकत्र जमून ही मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहत होतो. शेवटचा भाग संपला त्या रात्री जो वाद सुरू झाला तो आजही मिटलेला नाही, आणि जे त्या रात्री हजर नव्हते तेही भेटले की तेच प्रश्न विचारतात. म्हणून ते प्रश्न आणि आम्हांला सुचलेली उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. ज्यांनी मालिका अद्याप पाहिलेली नाही त्यांनी पुढे वाचू नये, कारण यात काहीही राखून ठेवलेले नाही.

ही मालिका कोणती, आणि तिचा शेवट नेमका कसा होतो?

‘द सोप्रानोज’ ही एचबीओ वाहिनीवरची अमेरिकी गुन्हेगारी मालिका. तिचा पहिला भाग १० जानेवारी १९९९ रोजी आणि शेवटचा, म्हणजे ८६ वा, भाग १० जून २००७ रोजी प्रसारित झाला. न्यू जर्सीतील माफिया टोळीचा म्होरक्या टोनी सोप्रानो, त्याचे घर, त्याची टोळी आणि त्याचे मानसोपचार हा तिचा विषय. टोनीची भूमिका जेम्स गँडोल्फिनी यांनी केली. मालिकेचे निर्माते डेव्हिड चेस यांनी स्वतः दिग्दर्शित केलेले भाग दोनच आहेत, पहिला आणि शेवटचा.

अखेरच्या दृश्यात टोनी ‘होल्स्टेन्स’ नावाच्या साध्या उपाहारगृहात येऊन बसतो आणि टेबलावरच्या ज्यूकबॉक्सवर एक गाणे लावतो. पत्नी कार्मेला येते, नंतर मुलगा ए. जे. येतो. मुलगी मेडो बाहेर गाडी उभी करण्याची खटपट करीत असते. आत तळलेल्या कांद्याच्या चकत्या येतात, एक अनोळखी माणूस स्वच्छतागृहाकडे जातो, मेडो रस्ता ओलांडून धावत दाराशी येते, दारावरची घंटी वाजते, टोनी मान वर करून पाहतो, आणि त्याच क्षणी चित्र व आवाज दोन्ही तुटतात. सुमारे दहा सेकंद पडदा पूर्ण काळा राहतो आणि त्यानंतर कोणत्याही संगीताविना श्रेयनामावली सरकू लागते.

पडदा काळा झाला तो वीज गेल्यामुळे नव्हता, हे नक्की का?

नक्की. हा प्रश्न हास्यास्पद वाटत असला तरी अमेरिकेतील असंख्य प्रेक्षकांनाही त्या रात्री आपली केबलच बंद पडली असे वाटले होते. सुमारे १ कोटी १९ लाख लोकांनी तो भाग पाहिला. तिकडे रविवारची रात्र होती तेव्हा आपल्याकडे सोमवारची सकाळ, पोदेर सायकलवरून पाव देऊन परतण्याची वेळ. आम्ही तो पाहिला तो बऱ्याच वर्षांनंतर, तोही ऐन पावसाळ्यात. पावसाळ्याच्या रात्री पडदा काळा झाला तर गोव्यातील माणूस कलेचा विचार आधी करीत नाही. आमच्यापैकी दोघे जण इन्व्हर्टरकडे गेले आणि एक वहिनी सवयीने मेणबत्ती शोधू लागल्या. पंखा चालू आहे हे कोणाच्या तरी लक्षात आले तेव्हा नावे सरकू लागली होती.

गंमत अशी की वीज जाण्याचा प्रसंग मालिकेत खरोखरच आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटी मोठे वादळ होते, रस्ते अडतात, आणि टोनीचे कुटुंब मित्राच्या उपाहारगृहात आश्रय घेते. तेथे वीज नसते आणि मेणबत्त्यांच्या उजेडात जेवण वाढले जाते. तेव्हा टोनी मुलांना सांगतो की पुढे तुमचे स्वतःचे संसार होतील, तेव्हा असे लहानसहान चांगले क्षण आठवा. शेवटच्या दृश्यात ए. जे. हेच वाक्य बापाला ऐकवतो आणि बापाला ते आपण बोललो होतो हेही आठवत नाही. हे दोन प्रसंग जोडून पाहिले तर शेवटचा काळोख अगदीच आगंतुक वाटत नाही.

मग टोनी मेला की जिवंत राहिला?

आमचे मत असे की दृश्याची रचना मृत्यूकडे झुकते, पण ती मृत्यू दाखवत नाही. आणि दाखवत नाही हीच तिची मुख्य गोष्ट आहे. पुढील उत्तरांत कारणे येतीलच. येथे एवढेच नोंदवतो की या मालिकेने आठ वर्षे आपल्याला इतरांच्या मरणाचे प्रेक्षक म्हणून बसवले. कोण मारतो, कसा मारतो, प्रेत कोठे पुरले जाते, हे सारे आपण सुरक्षित अंतरावरून पाहिले. याला एक मोठा अपवाद होता तो टोळीतल्या ख्रिस्तोफरची वाग्दत्त वधू एड्रियाना हिच्या हत्येचा. रानात ती रांगत चित्राबाहेर जाते, आपल्याला फक्त गोळ्यांचे आवाज ऐकू येतात आणि कॅमेरा झाडांकडे वळतो. तेवढ्यावरून कित्येक प्रेक्षक ती वाचली असेल अशी आशा धरून होते. म्हणजे चित्र काढून घेतले आणि आवाज ठेवला तरीही प्रेक्षक मरण मान्य करायला तयार नव्हते. शेवटच्या दृश्यात आवाजही काढून घेतला आहे.

घंटीविषयी एवढी चर्चा का होते?

कारण त्या दृश्याचे सारे व्याकरण घंटीवर उभे आहे. दार उघडते, घंटी वाजते, टोनीचा चेहरा दिसतो, तो मान वर करतो, आणि लगेच पुढच्या चित्रात त्याला जे दिसते ते आपल्याला दिसते. हे पुन्हा पुन्हा, जवळजवळ तालात घडते. घंटी, चेहरा, दृश्य. आपल्या नकळत आपण शिकतो की चेहऱ्यानंतर येणारे चित्र हे टोनीच्या डोळ्यांतून पाहिलेले असते. शेवटच्या वेळी घंटी वाजते, चेहरा येतो, आणि तिसऱ्या जागी जे चित्र यायला हवे तेथे काळोख येतो. दृश्याने स्वतःच घालून दिलेला नियम पाळायचा तर तो काळोख म्हणजे टोनीला दिसलेली गोष्ट होय. मालिकेच्या पहिल्या भागाची सुरुवातही पाहण्यानेच झाली होती, हे येथे आठवावे. आपली मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर मेल्फी हिच्या प्रतीक्षालयात बसलेला टोनी तेथील एका पुतळ्याकडे गोंधळून पाहत असतो.

आमच्या गटात एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांचे अर्धे आयुष्य म्हार्दोळ-मंगेशीच्या मंडपांत गाणे ऐकण्यात गेले. त्यांनी हे फार नेमके सांगितले. तबलजी तिहाई घेतो, पहिला पल्ला होतो, दुसरा होतो, तिसरा समेवर येऊन पडणार म्हणून सगळ्यांच्या माना तयार असतात, आणि समेच्या एक मात्रा आधी त्याने हात उचलला तर? मंडपातील माना तरीही हलणारच. सम वाजली नाही हे खरे आणि सम झाली हेही खरे. “तुम्ही लोक भांडता ते सम झाली की नाही यावर,” असे मास्तर म्हणाले, “पण तुमची मान हलली होती, ती मी पाहिली.”

यावर एक आक्षेप आहे आणि तो टाकाऊ नाही. टोनी उपाहारगृहात शिरतो तेव्हा त्याची नजर आतल्या बाजूला जाते आणि पुढच्या चित्रात तो स्वतःच आत बसलेला दिसतो. म्हणजे ‘चेहऱ्यानंतरचे चित्र त्याच्या डोळ्यांतून’ हा नियम अगदी सुरुवातीलाच विचित्र रीतीने वाकवलेला आहे. आमच्यातील दोघांना तो निव्वळ वेळ वाचवणारा कट वाटतो. उरलेल्यांना वाटते की माणूस स्वतःला बाहेरून पाहतो आहे अशी ही खूण आहे. या एका कटावर आमची सबंध संध्याकाळ गेली होती.

‘ऐकूसुद्धा येत नाही’ हे वाक्य कोणाचे?

टोनीचा मेहुणा बॉबी याचे. शेवटच्या नऊ भागांपैकी पहिल्यात दोघे तळ्यावर नावेत बसून गप्पा मारतात, आणि त्या वेळी बॉबी म्हणतो की ते घडते, म्हणजे आपण मारले जातो, तेव्हा बहुधा ऐकूही येत नसेल. शेवटून दुसऱ्या भागात बॉबी मारला जातो. लपून राहिलेला टोनी छातीशी बंदूक घेऊन पलंगावर पडतो तेव्हा त्याला हेच संभाषण आठवते, आणि प्रेक्षकांनी ते विसरू नये याची काळजी चेस यांनी तेथे घेतलेली दिसते. याच पर्वात टोनीचा उजवा हात सिल्व्हिओ याच्या समोर जेवणाच्या टेबलावर एका माणसाला गोळ्या घातल्या जातात तेव्हाही आवाज बुजतो आणि काय झाले ते सिल्व्हिओला क्षणभर उमगतच नाही. म्हणजे ‘मारले जाणाऱ्याला कळत नाही’ ही कल्पना शेवटच्या दृश्यासाठी ऐनवेळी आणलेली नाही. ती हळूहळू पेरलेली आहे.

‘मेंबर्स ओन्ली’ जॅकेट घातलेला माणूस कोण?

‘मेंबर्स ओन्ली’ हे जॅकेटच्या एका ब्रँडचे नाव. श्रेयनामावलीत त्या माणसाला नाव नाही, फक्त ‘मेंबर्स ओन्ली जॅकेटमधला माणूस’ अशी नोंद आहे. तो ए. जे.च्या पुढेच आत येतो, काउंटरपाशी बसतो, टोनीच्या दिशेने एकदोनदा पाहतो आणि मग टोनीच्या बाजूने स्वच्छतागृहाकडे जातो. सहाव्या पर्वाच्या पहिल्या भागाचे शीर्षकही ‘मेंबर्स ओन्ली’ हेच आहे. त्याच भागात टोळीतील यूजीनच्या अंगावर तसे जॅकेट असते आणि शेवटी टोनीला त्याचा काका ज्युनिअर गोळी घालतो. शिवाय स्वच्छतागृहात लपवलेले पिस्तूल घेऊन बाहेर येणारा ‘द गॉडफादर’ या माफियापटातला मायकल हा या टोळीतील लोकांचा आवडता संदर्भ आहे. एवढे धागे एकत्र आल्यावर तो माणूस केवळ लघुशंकेला गेला असे म्हणणे कठीण होते. अशक्य मात्र होत नाही, आणि टोनीसारख्याचे आयुष्य म्हणजे हेच की स्वच्छतागृहाकडे जाणारा प्रत्येक माणूस संशयित असतो.

तो न्यूयॉर्कच्या टोळीचा म्होरक्या फिल लिओटार्डो याचा पुतण्या होता असे ऐकले. खरे का?

नाही. त्या उपाहारगृहातील सर्व गिऱ्हाईक म्हणजे मालिकेत पूर्वी येऊन गेलेली माणसे आहेत, अशी एक यादी त्या काळी फार फिरली होती. ती बनावट होती.

टोनीला मारायला कारणच कोणाजवळ उरले होते?

‘टोनी जिवंत आहे’ म्हणणाऱ्यांचा हा सर्वांत सबळ मुद्दा. न्यूयॉर्कच्या टोळीशी समेट झालेला असतो, फिल पेट्रोल पंपावर स्वतःच्या नातवंडांसमोर मारला जातो आणि तेही त्याच्याच माणसांच्या मूक संमतीने. मग सूड कोणाचा? याचे उत्तर मालिका देत नाही. मात्र ती टोनीला सुखरूपही ठेवत नाही. उपाहारगृहातील दृश्यात तो कार्मेलाला सांगतो की टोळीतला कार्लो आता साक्ष देणार आहे, आणि वकिलाने तर आरोपपत्राची शक्यता ८० ते ९० टक्के सांगितलेली असते. सिल्व्हिओ बेशुद्ध, बॉबी मेलेला, ख्रिस्तोफरला टोनीने स्वतःच्या हाताने मारलेले, काका ज्युनिअर स्मृती हरवून बसलेला, डॉक्टर मेल्फीने उपचार थांबवलेले. गोळी लागली नाही असे धरले तरी या माणसाजवळ काय उरले आहे, याचा हिशेब शेवटच्या दोन भागांनी चोख मांडला आहे. हे धरून चालणारे लोक म्हणतात की मरण त्या रात्री आले की दहा वर्षांनी, याने फरक पडत नाही. मला स्वतःला हे म्हणणे थोडे पळवाटेसारखे वाटते, कारण दिग्दर्शकाने काळोख त्याच क्षणी आणला आहे, दहा वर्षांनी नव्हे.

स्वतः डेव्हिड चेस काय म्हणतात?

पुष्कळ काही म्हणतात, आणि ते नेहमी एकमेकांशी जुळत नाही. प्रसारणानंतर लगेच न्यू जर्सीच्या एका वृत्तपत्राशी बोलताना त्यांनी स्पष्टीकरण देण्यात आपल्याला रस नाही, जे आहे ते सारे दृश्यातच आहे, अशी भूमिका घेतली. २०१४ साली टोनी मेलेला नाही असे ते म्हणाल्याचे छापून आले आणि लागलीच त्यांच्या वतीने खुलासा आला की वाक्य संदर्भ सोडून घेतले आहे, तो जिवंत की मृत हा मुद्दाच नव्हे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत शेवटाविषयी बोलताना त्यांच्या तोंडून ‘मृत्यूचे दृश्य’ असे शब्द निसटले, आणि समोरच्या दोन्ही समीक्षकांनी ते पकडले तेव्हा त्यांनी शिवी हासडली.

२०२१ मध्ये त्यांनी थोडे अधिक सांगितले. मूळ कल्पनेत टोनी एका बैठकीसाठी गाडीने निघतो आणि तिथे त्याचा शेवट व्हायचा होता. पुढे एकदा रस्त्याने जाताना त्यांना न्याहारीची एक लहानशी टपरीवजा जागा दिसली आणि टोनीचा शेवट अशा ठिकाणी व्हावा असे मनात आले. ‘मेला’ पक्षाचे लोक हे विधान निकालपत्रासारखे दाखवतात. आमच्या गटाने मात्र ठरवले की लेखकाच्या मनात काय होते आणि पडद्यावर काय आले या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. नाटक बसवणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. संहितेत मरण असते, तालमीत ते निघते, आणि प्रयोगात त्याच्या जागेवर एक शांतता राहते.

गाण्याचा काही संबंध आहे का?

आहे. जर्नी या वाद्यवृंदाचे १९८१ सालचे ‘डोन्ट स्टॉप बिलीव्हिन’’ हे गाणे टोनी स्वतः निवडतो. पडदा काळा होतो तो गाण्यातील ‘डोन्ट स्टॉप’, म्हणजे ‘थांबू नका’, या शब्दांवर. थांबू नका असे म्हणताच थांबणे ही विनोदबुद्धी आहे की क्रौर्य, हे ज्याचे त्याने ठरवावे. गाणे अतिशय लोकप्रिय आणि काहीसे गोडगोड आहे. त्याची निवड काहींना खटकते. आम्हांला ती योग्य वाटली, कारण टोनीच्या पिढीचा माणूस टेबलावरच्या ज्यूकबॉक्समध्ये असेच काही शोधेल. त्याने भारदस्त काही लावले असते तर ते दिग्दर्शकाने लावल्यासारखे वाटले असते.

मेडो गाडी उभी करायला एवढा वेळ का घेते?

कथेत कारण काहीही नाही. तिला ती जागा साधत नाही एवढेच. पण टोनीच्या शेजारची जागा तिच्यासाठी रिकामी आहे, आणि ती वेळेवर आली असती तर स्वच्छतागृहाच्या बाजूने येणारा कोणीही आणि टोनी यांच्यामध्ये ती बसलेली असती, असे काहींचे गणित आहे. तणाव मात्र खरा आहे. मडगावच्या बाजारात शनिवारी संध्याकाळी गाडी लावणाऱ्याला तो दुप्पट जाणवेल.

कांद्याच्या चकत्या हे ख्रिस्तप्रसादाचे प्रतीक आहे का?

तिघेही चकती न तोडता अख्खी जिभेवर ठेवतात, म्हणून हा तर्क निघाला. सोप्रानो कुटुंब कॅथलिक आहे आणि आपल्या शेजारपाजारी मिस्साच्या वेळी हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे, त्यामुळे तुलना आमच्याही मनात आली. पण प्रत्येक घासाला प्रतीक म्हणू लागलो तर मालिकेतील जेवणांची मोजदाद संपणार नाही.

असा शेवट करणे ही प्रेक्षकांची फसवणूक नव्हे का?

आमच्या गटातील सर्वांत ज्येष्ठ भाईंना अजूनही तसेच वाटते, आणि त्यांची बाजू नीट मांडली पाहिजे. ते म्हणतात, आम्ही जत्रेच्या रात्री पालखी झाल्यावर बसलो की पहाटेपर्यंत उठत नाही. दशावतारात शेवटी दहीकाला फुटतो तेव्हाच खेळ संपतो. संगीत नाटकाला भरतवाक्य असते, मैफलीला भैरवी असते. रात्रभर जागवलेल्या माणसाला घरी जा म्हणून सांगण्याची ती रीत आहे. ती मोडणे म्हणजे यजमानाने पान वाढून मधेच दिवा मालवणे.

हा आक्षेप मला ‘समजले नाही’ या तक्रारीहून कितीतरी वजनदार वाटतो, कारण तो शिष्टाचाराचा आहे. याला आमचे उत्तर असे की निरोपाच्या सर्व गोष्टी मालिकेने आधीच उरकल्या आहेत. त्याच भागात टोनी ज्युनिअरला भेटतो आणि तू आणि माझे वडील मिळून उत्तर जर्सी चालवत होतात असे सांगतो, तेव्हा म्हातारा ‘हं, छान’ एवढ्यावर थांबतो, सिल्व्हिओच्या उशाशी तो हात हातात घेऊन बसतो, बहिणीला भेटतो, टोळीतल्या पॉलीला उन्हात बसलेला सोडून निघतो. भैरवी तेथे झाली. होल्स्टेन्समधील पाच मिनिटे भैरवीनंतरची आहेत. भाईंना हे पटलेले नाही. ते म्हणतात, भैरवीनंतर कोणी गात नाही.

व्यवसायातील लोकांनी मात्र या भागाला मान दिला. २००७ साली याच भागाच्या लेखनासाठी चेस यांना एमी पुरस्कार मिळाला, आणि २०१३ मध्ये अमेरिकेतील पटकथालेखकांच्या संघटनेने उत्तम लेखन असलेल्या मालिकांच्या यादीत ‘द सोप्रानोज’ला पहिले स्थान दिले. भाईंनी ही माहिती शांतपणे ऐकून घेतली आणि परीक्षकांविषयी जे कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेचा निकाल लागल्यावर दर वर्षी म्हणतात तेच म्हटले.

नंतर आलेल्या चित्रपटात उत्तर मिळते का?

नाही. २०२१ चा ‘द मेनी सेंट्स ऑफ नेवार्क’ मागच्या काळात जातो. त्यात तरुण टोनीची भूमिका गँडोल्फिनी यांचे पुत्र मायकल यांनी केली आहे. स्वतः गँडोल्फिनी १९ जून २०१३ रोजी रोममध्ये वारले, त्यामुळे पुढची कथा निघण्याची शक्यता तेव्हाच संपली.

ते उपाहारगृह खरे आहे का?

खरे आहे. न्यू जर्सीतील ब्लूमफील्ड येथे होल्स्टेन्स आजही आइस्क्रीम आणि मिठाई विकते. सोप्रानो कुटुंब बसले होते ती बाके २०२४ साली लिलावात ८२,६०० डॉलरना गेली.

शेवट पुन्हा पाहायचा असेल तर कोठून सुरुवात करावी?

सर्व ८६ भाग पुन्हा पाहणे शक्य नसेल तर आधी पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग, मग सहाव्या पर्वातील नावेचा भाग, आणि त्यानंतर अखेरचे दोन भाग लागोपाठ पाहावेत. होल्स्टेन्सचे दृश्य एकदा आवाज बंद करून पाहावे, म्हणजे टोनी किती वेळा मान वर करतो ते दिसेल. आणि एकदा डोळे मिटून फक्त ऐकावे, म्हणजे घंटी मोजता येईल. आम्ही हे दोन्ही केले तेव्हा डोळे मिटून ऐकणाऱ्यांतील एकाला गाणे तुटल्याचे कळले आणि तरीही त्याने डोळे उघडले नाहीत. त्याला वाटले, आता कोणीतरी आत येईल.